कान वाहिला होता का?

खोली भाड्याने देण्याआधी घरमालक काय काय विचारतात ते मला पाठ आहे. लग्न झालंय का, घरी माणसं येणार का, मटण शिजवणार का, आडनाव काय. जव्हारमध्ये तीन घरांच्या पायऱ्या मी ह्याच प्रश्नांवर उतरले. चौथ्या घरातल्या म्हाताऱ्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. मान तिरकी करून आधी डावीकडून बघितलं, मग उजवीकडून, आणि विचारलं, "कान कधी वाहिला होता का?"

मी नाही म्हटलं.

"पू, पाणी, रक्त? लहानपणी? तुम्हाला काय आठवणार. आईला विचारा."

मी तिथेच उभी राहून मोखाड्याला आईला फोन लावला. कान वाहिला नव्हता, पण मी नेमकी कुठे आहे आणि कोण विचारतंय हे सांगताना माझी पुरेवाट झाली. खोली मिळाली. मटणाचा विषयच निघाला नाही. त्या एका गोष्टीसाठी मी ह्या माणसाचं पुढचं बरंच सहन केलं.

हे घरमालक काका सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेले ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा माणूस. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांच्या हाताखाली काढली होती आणि त्या डॉक्टरांनी जाताना त्यांना स्वतःचा कपाळावर बांधायचा गोल आरसा दिला होता, मधोमध भोक असलेला. दारातून ऊन आत येईल तेवढा वेळच तो आरसा चालायचा. म्हणून काका सकाळी नऊ ते साडेदहा जगाचे होते. त्यानंतर कलेक्टर जरी आले असते तरी त्यांना उद्या या म्हणून सांगितलं असतं. घरी ते फक्त कान बघायचे. धुवायचं काम एस. टी. स्टँडजवळच्या एका खाजगी दवाखान्यात, तेही तिथल्या डॉक्टरांनी आधी कान बघून चिठ्ठी लिहिली तरच. आता ते मुलाकडे नाशिकला असतात आणि तिथल्या सोसायटीतल्या लोकांचं काय होत असेल ह्याची मी कल्पना करू शकते.

कारण जव्हारमध्ये त्यांच्यासमोर कानात बोट घालायची सोय नव्हती. चहाच्या टपरीवर एकदा एक ड्रायव्हर डोळे मिटून आगपेटीची काडी कानात फिरवत बसला होता. चेहऱ्यावर समाधी. काकांनी जाऊन त्याच्या हातातली काडी अलगद काढून घेतली, लहान मुलाच्या हातातला चाकू काढून घ्यावा तशी. ड्रायव्हर चिडला. कान माझा आहे, म्हणाला.

"तुमचाच आहे. आतला पडदापण तुमचाच. गाडीतली माणसं मात्र आमची आहेत," काका म्हणाले आणि काडी शर्टाच्या खिशात टाकून निघाले.

अशा जप्त केलेल्या मालाचा बिस्किटांचा एक डबा त्यांच्याकडे होता. काड्या, केसांचे आकडे, मोटारसायकलची किल्ली, कोंबडीची पिसं, कापूस गुंडाळलेल्या त्या प्लास्टिकच्या काड्या. ह्या शेवटच्या मालाचा त्यांना सगळ्यात जास्त राग. पिसाने गुदगुल्या होतात, ते म्हणायचे, ही काडी मात्र बंदुकीत दारू ठासावी तसा मळ ठासते. मळ म्हणजे घाण हेच त्यांना मान्य नव्हतं. तो कानाने स्वतःसाठी केलेला लेप आहे, धूळ आणि किडे आत जाऊ नयेत म्हणून; जुना झाला की कान आपला आपण तो बाहेर ढकलतो; आपण फक्त बाहेरची पाळी ओल्या फडक्याने पुसायची आणि गप्प बसायचं. "पण माणसाला गप्प बसवत नाही," असं म्हणून ते माझ्याकडे बघायचे.

मी इथल्या कष्टकऱ्यांच्या संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती. पत्रक लिहिणं हे माझं शिक्षण. रेशन, रोजगार हमी, अंगणवाडी, कुठलाही विषय द्या, अर्ध्या तासात मी मागण्या काढून देते. काकांचं काम बघून मी त्यांच्यासाठीही एक पत्रक लिहिलं. चौदा मागण्या होत्या. वर मोठ्या अक्षरात 'आदिवासींच्या कानांकडे दुर्लक्ष करणाऱ्या व्यवस्थेचा जाहीर निषेध'. त्यांनी लाल पेन घेऊन ते वाचलं आणि विचारलं, निषेध नेमका कोणाचा, मळाचा का? मग खोडत गेले. उरलं ते असं: कानात काडी, पीस, पिन घालू नका. गरम तेल, लसणाचं तेल ओतू नका. कान दुखत असेल, वाहत असेल किंवा पूर्वी कधी वाहिला असेल तर त्यात काहीच टाकू नका, डॉक्टरला दाखवा. एकाएकी ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा.

खाली संघटनेचं नावसुद्धा ठेवलं नाही. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. पण खरं सांगते, मी लिहिलेल्या पत्रकांतलं तेवढं एकच लोकांनी भेळ बांधायला वापरलं नाही.

आता बुधीबाईचं सांगते, कारण काका म्हटलं की मला तीच आठवते.

बुधीबाई साखरशेतच्या पुढच्या एका पाड्यावर अंगणवाडीत मदतनीस. पाड्याचं नाव लिहीत नाही. मुलांना घरोघरून गोळा करायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, झोपवायचं, हे काम ती पंधरा-सोळा वर्षं करत होती. दिवाळी झाली की त्या पाड्यावरची निम्मी घरं कुलपं लावून वीटभट्टीवर जातात. बुधीबाईचं घर उघडं राहायचं ते ह्या नोकरीमुळे. आणि तिला वर्षभरात ऐकू येईनासं झालं होतं. हळूहळू, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. मग एक दिवस एक तीन वर्षांचं पोर अंगणवाडीच्या मागच्या दाराने निघून ओहोळापर्यंत गेलं. दुसरी मुलं ओरडत होती, बुधीबाई पाठमोरी तांदूळ निवडत होती. पोर सापडलं, काही झालं नाही. पण तक्रार गेली, आणि बुधवारी तिच्या हातात कागद पडला: पुढच्या मंगळवारी चौकशी. मदतनीस बहिरी असल्याने मुलांच्या जिवाला धोका आहे, कामावरून कमी का करू नये.

कागद घेऊन ती माझ्याकडे आली. माझं डोकं तापलं. सोळा वर्षं राबवून घ्यायचं आणि एका कागदावर घरी बसवायचं, हा कुठला न्याय? त्याच रात्री मी अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज भरला. 'कायमस्वरूपी बहिरेपणा' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. बरोबर निवेदन: सरकारी अनास्थेमुळे बहिऱ्या झालेल्या कष्टकरी महिलेला संरक्षण मिळालंच पाहिजे. तिच्याबरोबर आलेल्या पाड्यावरच्या बायांचे अंगठे घेतले. गुरुवारी सकाळी बुधीबाईला घेऊन तहसील कचेरीकडे निघाले तर काका ओट्यावर, कपाळाला आरसा.

"कुठे निघाल्या, पुढारीणबाई?"

मी अर्ज दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला. मग विचारलं, "हिच्या कानात बॅटरी लावून बघितलं कोणी?"

मी म्हटलं, काका, तिला ऐकू येत नाही हे सगळ्या पाड्याला माहीत आहे, चौकशीच्या कागदातही लिहिलंय.

"बघितलं कोणी?"

कोणीच बघितलं नव्हतं. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेने नाही, तक्रार करणाऱ्याने नाही, आणि मीही नाही. अख्ख्या प्रकरणात चार कागद झाले होते आणि त्या बाईच्या कानात डोकावायचं कोणाला सुचलं नव्हतं. मी सरकारला जे म्हणत होते ते मला लागू होतं. आणि तो अर्ज मंजूर झाला असता तर चौकशीवाल्यांना आयता पुरावा मिळाला असता, माझ्याच अक्षरात. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. काकांच्या आलं. त्यांनी अर्जाची घडी घातली आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवली.

बुधीबाईला स्टुलावर बसवलं. ऊन आरशावर घेतलं, आरशातून कानात सोडलं, पाळी वर आणि मागे ओढून बराच वेळ बघत राहिले. मग दुसऱ्या बाजूला.

"बूच बसलंय. दोन्हीकडे," ते म्हणाले. "पडद्याचं काय आहे ते बूच निघाल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. ऐकायचं मशीन नको, दाखला नको, आधी मळ."

मग त्यांचा नेहमीचा प्रश्न, मोठ्याने, तिच्या तोंडासमोर येऊन. बुधीबाईने थोडा विचार केला. "हा उजवा वाहायचा," ती म्हणाली. "बारकी होते तवा. लय घाण वास. आयनं पाला पिळला, मंग थांबला."

काकांचा हात उजव्या कानावरून तेव्हाच उतरला तो पुन्हा तिकडे गेला नाही. पडद्याला भोक असू शकतं, म्हणाले. त्यात थेंबही नको आणि पाणीही नको. तो कान मोठ्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरने दुर्बिणीखाली साफ करायचा. आपण करायचा तो डावा.

ते तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी बघितलं, मळ मऊ करायचे थेंब लिहून दिले. दिवसातून तीन वेळा, फक्त डाव्या कानात, उजव्या कुशीवर पाच मिनिटं पडून. धुवायचं सोमवारी.

मी म्हटलं सोमवारी कशाला, आज करा. मंगळवारी चौकशी आहे, बाईची नोकरी जाते आहे. काका म्हणाले, वाळलेलं बूच ओढलं तर कानाची कातडी सोलून निघते. आणि आधीच सांगून ठेवतो, थेंब टाकल्यावर मळ फुगेल, तिला आहे त्याहून कमी ऐकू येईल, तेव्हा माझ्या दारात मोर्चा आणू नका.

मी मोर्चाच आणला. एकटीचा. म्हटलं, तुमच्या नियमांपायी ती बाई भट्टीवर जाईल, तुम्हाला काय, तुमची पेन्शन चालू आहे. खूप बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी एकदा विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "घाई होती. पिचकारी मारली." एवढंच. कोणाला, कधी, पुढे काय झालं, हे मी विचारलं तर उठून आत गेले. पुढे कित्येकदा विचारलं, कधीच सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. बुधीबाई आली होती आणि तिला खरंच काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी बोलत होते आणि ती माझ्या ओठांकडे बघून हसत होती, उगीच, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हसतात तसं. मला ते हसू बघवेना. बाजाराच्या टोकाला लाल पगडीवाला कान साफ करणारा बसतो. पगडीत सळया खोचलेल्या, खांद्याला कापसाची पिशवी. ज्याच्याविरुद्ध मी स्वतः पत्रक वाटलं होतं त्याच्यासमोर मी बुधीबाईला हाताला धरून नेऊन बसवलं. हे मी कुठे सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे.

तो म्हणाला, दो मिनट का काम है, मॅडम. सळई काढली, मांडीवर पुसली, तिचं डोकं धरलं. उजव्याच कानाच्या बाजूने.

बुधीबाई उठली. त्याचा हात बाजूला केला, पदर सावरला आणि चालायला लागली. मी मागे धावले. बाजाराच्या बाहेर आल्यावर ती थांबली आणि बहिरं माणूस बोलतं तशी, जरा जास्तच मोठ्याने म्हणाली, "तो म्हातारा विचारून विचारून हात लावतो, बाय. ह्याने काय पण विचारला नाय."

भाजीवाल्या बाया बघत होत्या. मला कुठे तोंड लपवावं कळेना.

सोमवारी सकाळी दवाखान्यात काका आमच्या आधी हजर. पाणी उकळून निवत ठेवलेलं. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघायचे, थांबायचे, पुन्हा टाकायचे. गार पाणी गेलं तर चक्कर येते, गरम गेलं तरी येते, अंगाच्या उबेइतकंच हवं. मी घड्याळ बघत होते. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं, मी गेले नाही, तेव्हा कानाखाली किडनी ट्रे, म्हणजे घेवड्याच्या आकाराचं ते भांडं, धरायचं काम दिलं. बुधीबाईला हाताने खूण करून समजावलं: दुखलं, गरगरलं, की हात वर.

मोठी पिचकारी. पाळी वर आणि मागे. पाण्याची धार सरळ पडद्यावर मारायची नाही, वरच्या भिंतीच्या कडेने सोडायची, म्हणजे पाणी मागे जाऊन बुचाला आतून बाहेर लोटतं. पहिलं पाणी स्वच्छ आलं. दुसरं पिवळट. काकांनी आरसा लावून आत बघितलं, पुन्हा मनगटावर थेंब टाकला. तिसऱ्यांदा ट्रेमध्ये टप् झालं.

काळपट तपकिरी गोळा, चिंचोक्याएवढा. त्यात कापसाचे धागे गुरफटलेले. सुनेने मुंबईहून त्या प्लास्टिकच्या काड्या आणल्या होत्या, ते नंतर कळलं.

बुधीबाईने दचकून डोकं मागे घेतलं. मला वाटलं दुखलं. तिने वर बघितलं, छताकडे.

"पंखा वाजतोय," ती म्हणाली.

मग दाराकडे वळून विचारलं बाहेर कोण भांडतंय. कंडक्टर होता, मोखाड्याच्या गाडीतल्या कोणाशी तरी हुज्जत घालत होता. ती चांगली पाच मिनिटं ते भांडण ऐकत बसली, एखादं कीर्तन ऐकावं तशी. काका तोवर आरसा लावून कानात बघत होते. पडदा शाबूत आहे, म्हणाले. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही बघितलं. मी ट्रे धरून उभीच होते. मला रडू येत होतं आणि हातात तो गोळा होता.

मंगळवारी चौकशी. अंगणवाडीत पुढच्या खोलीत चौकशी अधिकारी बाई खुर्चीवर, पर्यवेक्षिका बाजूला, पाड्यातले चार लोक दाराशी. बुधीबाई भिंतीला टेकून खाली बसलेली, मी शेजारी फाइल घेऊन. अधिकारी बाई कागद वाचत होत्या. त्यांचा आवाज बारीक, एकसुरी. मुलं मागच्या खोलीत, त्या दिवसापुरत्या बोलावलेल्या दुसऱ्या बाईंजवळ. वाचन निम्म्यावर आलं आणि बुधीबाई उठली. सगळ्यांच्या मधून चालत आत निघून गेली.

पर्यवेक्षिका अधिकारी बाईंकडे बघून म्हणाली, बघा मॅडम, हे असं आहे, आपण बोलतोय ह्याचाही पत्ता नाही. दाराशी कोणीतरी हसलं. मी फाइलमध्ये दवाखान्याची चिठ्ठी शोधायला लागले.

आतून बुधीबाई आली ती कडेवर एक पोर घेऊन. त्याच ओहोळावाल्या पोराची धाकटी बहीण. खिचडीचं पातेलं चुलीवरून नुकतंच उतरवून खाली ठेवलं होतं आणि ती पोरगी त्याचं झाकण सरकवत होती. दुसऱ्या बाई पाणी आणायला दारात गेल्या होत्या. आम्हाला कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. बुधीबाई पुन्हा भिंतीशी बसली, पोरीला मांडीवर घेतलं, तिचे हात उलटसुलट करून बघितले.

"वाचा मॅडम," ती म्हणाली. "हलगर्जीपणापर्यंत आलं होतं."

अधिकारी बाईंनी कागद खाली ठेवला. मग त्यांनी मला दवाखान्याची चिठ्ठी मागितली, वाचली, दुसरा कान कधी दाखवणार ते विचारलं, आणि शेऱ्यात लिहिलं की उपचार सुरू आहेत, कामावर कायम ठेवावं, मागच्या दाराला कडी बसवावी. पर्यवेक्षिकेला म्हणाल्या, ही कडी आधीच बसवायला हवी होती. माझ्या फाइलमधलं निवेदन मी बाहेर काढलंच नाही.

जव्हारला येईपर्यंत मी जीपच्या मागच्या फळीवर उभी राहून गात होते. काकांना सगळं सांगितलं, अभिनयासकट. ते शेंगा सोलत होते. शेवटपर्यंत ऐकून विचारलं, "मागची खोली तिच्या कुठल्या बाजूला होती?"

मी आठवून म्हटलं, डाव्या.

"मग उजव्याचं काहीच कळलं नाही," ते म्हणाले.

त्यांना आनंद व्हावा अशी माझी इच्छा होती. मी चांगलीच चिडले. पण पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी नाशिकला मोठ्या दवाखान्यात गेलो. कानाच्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी दुर्बिणीखाली नळीने मळ ओढून काढला, पाण्याचा थेंब न वापरता. आत पडद्याला भोक होतं. जुनं, कोरडं. वाटाण्याच्या डाळीएवढं तरी आहे, म्हणाल्या. इथे कोणी पाणी मारलं असतं तर आत पू झाला असता, कदाचित होतं तेवढं ऐकू येणंही गेलं असतं. त्यांनी तसं कागदावर लिहून दिलं, कान कोरडा ठेवा, काहीही टाकू नका.

परत आलो तेव्हा साडेदहा कधीच वाजून गेले होते. दुपार होती. तरी काका ओट्यावर उभे होते. गाडीची वेळ त्यांना माहीत होती. मी म्हटलं, भोक आहे. त्यांनी हात पुढे केला. कागद घेतला, चष्मा वर करून वाचला, उलटा करून मागे काही लिहिलंय का बघितलं, पुन्हा सुलटा करून वाचला. मग हळूच पायरीवर बसले, भिंतीला धरून.

बुधीबाई त्यांच्या शेजारी बसली, डावा कान त्यांच्याकडे करून. त्यांच्या ओट्यावर असं टेकून कोणी बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"पोरी," ते मला म्हणाले. मला ते कायम तुम्ही म्हणायचे, पुढारीणबाई म्हणायचे. पोरी पहिल्यांदाच म्हणाले. "चहा ठेव. तिघांचा. साखर घाल जरा."